ऑफसेट, स्क्यू, ड्रिफ्ट: मराठीत काय लिहावं?

प्रश्न: क्लस्टरवरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर (नोडांवर) चालणाऱ्या समांतर प्रोग्रामांच्या ट्रेसिंगवर (कोणती घटना केव्हा घडली हे नोंदण्यावर) टिपणं लिहितो आहे. प्रत्येक नोडचं घड्याळ निराळं असल्यामुळे सगळ्या नोंदी एका काळरेषेवर आणल्या की काही संदेश पाठवण्याआधीच पोचलेले दिसतात. हे समजावताना ऑफसेट, स्क्यू आणि ड्रिफ्ट या तिन्हींना 'तफावत' एवढंच सुचतंय. वेगळे शब्द आहेत का?

उत्तर: बोलण्यात भेद आहेच की! 'घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे' हा ऑफसेट. 'घड्याळ पुढे जातं' हा वेगातला फरक. घड्याळ लावलं की पहिली तक्रार मिटते, दुसरी राहतेच, आणि ट्रेसमध्ये नडते ती दुसरीच. दोन नोडांच्या वेगात दहा लाखांत १० भागांचा फरक धरा. साध्या क्वार्ट्‌झ स्फटिकांत एवढा सहज असतो. सेकंदाला १० मायक्रोसेकंद, तासाला ३६ मिलिसेकंद झाले. इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कवर छोटा संदेश एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचतो. म्हणजे नेमकी जुळवलेली घड्याळंही सेकंदभरात काळरेषेवरचे संदेशांचे बाण उलटे दाखवण्याइतकी फाकतात. मी 'अंतर' आणि 'वेगफरक' लिहीन.

दुसरं उत्तर: स्क्यूचं भाषांतर करण्याआधी तो कोणाचा आहे ते बघा. एनटीपीच्या (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या प्रोटोकॉलच्या) १९९२ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत स्क्यू म्हणजे वेगफरक, आणि तो वेगफरकही बदलत जातो त्याला ड्रिफ्ट. वितरित प्रणालींच्या बऱ्याच पुस्तकांत स्क्यू म्हणजे त्या क्षणाचं अंतर आणि ड्रिफ्ट म्हणजे वेगफरक. सरळ गोंधळ आहे. टिपणात व्याख्या एकदा द्या आणि स्क्यू शक्यतो टाळाच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग या सगळ्या उपायाला 'घड्याळं जुळवणं' म्हटलं तर चालेल?

उत्तर: एनटीपीला आणि पीटीपीला (तसाच, पण अधिक अचूक प्रोटोकॉल) चालेल, तिथे घड्याळ खरंच हलवतात. ट्रेसिंगची साधनं बहुधा घड्याळाला हात लावत नाहीत. एमपीआय (समांतर प्रोग्रामांतली संदेशांची देवाणघेवाण करणारी प्रणाली) सुरू होताना आणि संपताना नोडांमध्ये संदेशांची ये-जा करून अंतर मोजतात, दोन मोजमापांमध्ये सरळ रेषा धरतात आणि नोंदलेल्या वेळा मागाहून बदलतात. ती 'वेळदुरुस्ती'.

दुसरं उत्तर: त्यातही तापमानानुसार स्फटिकाचा वेग बदलतो, रेषा सरळ राहत नाही, आणि थोडे बाण उलटेच उरतात. तिथे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७८ सालचा नियम वापरतात: पाठवणं आधी, मिळणं नंतर. मिळाल्याची वेळ पुढे ढकलायची आणि त्या प्रक्रियेतल्या पुढच्या नोंदीही गरजेप्रमाणे सरकवायच्या. याला मात्र 'दुरुस्ती' म्हणायला माझं मन धजत नाही. क्रम बरोबर येतो, पण दोन नोंदींमधला मोजलेला काळ ताणला जातो. 'क्रम लावणं' म्हणा.