मदत हवी आहे: वस्तीतल्या अकरा पोरांना तडीपार करण्याचं निवेदन येतंय, रविवारी काय बोलू?

नमस्कार. मी शिक्षिका आहे. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते, यंदा चौदावं वर्ष. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या महिन्यात पानठेल्यासमोर गाडीचा कट लागला एवढ्यावरून एका पोराला भोसकलं. पोरगा वाचला, पण अजून सरळ उभा राहू शकत नाही. मारणारे तिघं, आणि त्यांच्या मागेमागे फिरणारे आठ. या अकरांतले चार माझ्याकडे शिकून गेलेत. अकराही पोट्ट्यांना तडीपार करा असं निवेदन रविवारच्या बैठकीत ठरणार आहे. मी सही करावी आणि दोन शब्द बोलावं, असा सगळ्यांचा आग्रह आहे.

ग्रुपवर रोज मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या त्या महातुरुंगाचे व्हिडिओ येतात. डोकी भादरलेले, अंगभर गोंदलेले कैदी पांढऱ्या चड्ड्यांवर माना घालून एकमेकांना खेटून बसलेत. खाली लिहिलेलं, "आपल्याकडेही असंच पाहिजे." म्हणून मी त्या देशाबद्दल वाचत बसले, आणि आता झोप लागत नाही.

आधी लोकांची बाजू सांगते, कारण ती खोटी नाही. २०१५ साली त्या देशात दर लाख लोकांमागे शंभरावर खून झाले. बसवाल्याने, भाजीवालीने टोळीला हप्ता दिला नाही तर जीव जायचा. २६ मार्च २०२२ या एका दिवसात ६२ माणसं मारली गेली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बुकेले यांनी आणीबाणी लावली आणि ती महिन्यामहिन्याने वाढवत नेली. ऐंशी हजारांवर लोक आत गेले. २०२४ मध्ये अख्ख्या देशात ११४ खून झाले, असा सरकारचा आकडा आहे. तिथल्या आया पोरांना संध्याकाळी बाहेर खेळायला सोडू लागल्या असतील, तर त्यांना मी कोणत्या तोंडाने चूक म्हणू? पण त्याच जाळ्यात निर्दोषही सापडले. हजारो जणांना पुढे सरकारनेच सोडलं, आणि कोठडीत मेलेल्यांची मानवाधिकार संघटनांनी केलेली मोजणी शेकड्यांत आहे.

मला खरा धक्का बसला तो या टोळ्या आल्या कुठून हे वाचताना. मारा साल्वात्रुचा ही टोळी साल्वादोरमध्ये जन्मलीच नाही. १९८० ते १९९२ च्या यादवीतून पळालेल्या कुटुंबांची पोरं लॉस एंजेलिसमध्ये वाढली, तिथल्या जुन्या टोळ्यांकडून मार खाऊ लागली आणि त्यातून ती उभी राहिली. बारिओ १८ तर त्याच शहरातली, तिच्याहूनही जुनी. युद्ध संपल्यावर, आणि १९९६ च्या हद्दपारी सोपी करणाऱ्या कायद्यानंतर फारच जोरात, अमेरिकेने या पोरांना विमानात बसवून 'आपल्या' देशात पाठवलं. ज्या देशाची त्यांना धड आठवणही नव्हती, तिथे ना काम, ना ओळखीचं माणूस. सोबत होतं फक्त टोळीचं नाव. पुढे २००३ पासून साल्वादोरने 'मानो दुरा', म्हणजे कडक हात, म्हणून धरपकड केली. आत मारामारी नको म्हणून एकेका टोळीला वेगळा तुरुंग दिला. मग त्याच तुरुंगातून फोनवर हप्त्याची वसुली चालू लागली. व्हेनेझुएलाची त्रेन दे अरागुआ ही टोळी तर थेट तोकोरोनच्या तुरुंगात वाढली आणि स्थलांतरितांच्या वाटेने कोलंबिया, पेरू, चिलीपर्यंत गेली.

हे वाचताना मला माझा एक जुना विद्यार्थी आठवत राहिला. गणितात चांगला होता. एकोणिसाव्या वर्षी तडीपार झाला आणि भंडाऱ्याकडे मावशीकडे गेला. काम कोणी देईना, मग वैनगंगेच्या चोरट्या रेतीच्या टिप्परवर बसू लागला. दीड वर्षाने परत आला तेव्हा कमरेला घोडा, म्हणजे पिस्तूल, होता आणि मोबाईलमध्ये तीन जिल्ह्यांतले नंबर. जाताना तो गल्लीतला मारकुटा पोरगा होता, इतकंच. तडीपारी नसती तर तो सुधारलाच असता असं मी म्हणत नाही. पण तो कुठे जाणार आणि काय खाणार, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता ही अकरा पोरं बिश्नोई टोळीच्या नावाच्या रील बनवतात. तिला कॅनडाने सप्टेंबर २०२५ मध्ये दहशतवाद्यांच्या यादीत घातलं आणि तिचा म्होरक्या कित्येक वर्षं तुरुंगात आहे. पोरांना त्या तुरुंगाचंच कौतुक आहे. त्यांना आणखी लांब ढकलून आपण कोणाच्या दारात सोडतोय?

हे बैठकीत कसं मांडू? नागपुरात २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला भर न्यायालयात मारलं, ते आमच्या वस्तीतल्या बायका अजून सांगतात. दाद कुठेच लागत नाही असं वाटलं की काय होतं, हे त्यांना ठाऊक आहे. मी नुसतं "तडीपारी नको" म्हटलं, तर भोसकलेल्या पोराच्या आईसमोर मी गुंडांची वकील ठरेन. मला तिच्या बाजूनेच बोलायचंय. तडीपारीऐवजी नेमकं काय मागावं?

प्रतिसाद, इतवारीहून

ताई, मी दुकानदार. सहा वर्षं हप्ता दिलाय. तुमचं सगळं पटलं तरी एक सांगतो, बैठकीत परदेशाचा इतिहास सांगू नका. लोक घाबरलेले आहेत. संध्याकाळी सातनंतर त्या कोपऱ्यावरून पोरगी क्लासला कशी जाईल, याचं उत्तर आधी द्या, मग बाकीचं ऐकतील. तुमच्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट मात्र नक्की सांगा. ती आपल्या इथली आहे.

प्रतिसाद, वकील आहे, फौजदारी कामं करते

ताई, अकरा जणांचा एकच गठ्ठा बांधू देऊ नका. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली होते, बहुतेक वेळा कलम ५६. प्रत्येकाला वेगळी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि शासनाकडे अपील करता येतं. जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की हा असाधारण उपाय आहे, जपूनच वापरायचा. घाईत काढलेला आदेश उच्च न्यायालयात पडतो आणि पोरगा हिरो होऊन परत येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "मोक्का लावा" असंही कोणीतरी म्हणेल. त्याला संघटित टोळी आणि मागच्या दहा वर्षांत त्या टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात. नुसतं मागेमागे फिरण्यावरून तो लागत नाही. अठराच्या आतलं कोणी असेल तर ते प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

खरं दुखणं दुसरंच आहे. साक्षीदार उघडपणे बोलायला धजत नाहीत, हाच कलम ५६ चा एक आधार आहे. म्हणजे तुमच्या वस्तीत भोसकताना वीस जणांनी पाहिलं असेल आणि जबाब एकाचाही नसेल. तेव्हा निवेदनात हे मागा: तिघांवरचा खुनाच्या प्रयत्नाचा खटला लवकर चालवा आणि साक्षीदारांना संरक्षण द्या. त्यासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे जातो. धोका किती आहे ते पाहून घराजवळ गस्त, सीसीटीव्ही, कोर्टात ने-आण, ओळख गुप्त ठेवणं, असं काहीही मिळू शकतं. आईच्या बाजूने बोलायचंय ना? तिला न्याय मिळायचा तो याच खटल्यात.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दादा, तुमचं ऐकून भाषणाची सुरुवात बदलली. कोपऱ्यावरचे दोन बंद दिवे आणि सात ते दहाची गस्त, हे सगळ्यात वर लिहिलंय. आठांपैकी दोघं सतरा वर्षांचे आहेत, त्यांच्या आयांना उद्या अभ्यासिकेत बोलावलंय.

आज पानठेलेवाल्या काकांकडे जाऊन आले. बराच वेळ चुना मळत गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, मी पाहिलं. सांगतो बी. पण ठेला तर मले त्याच कोपऱ्यावर लावा लागते ना." त्यांच्या वतीने संरक्षणाचा अर्ज मी करू शकते का?

प्रतिसाद, वकील

तुम्ही नाही. साक्षीदार स्वतः, त्यांच्या घरचं कोणी, त्यांचा वकील किंवा तपास अधिकारी अर्ज करू शकतो. काकांना आणि काकूंना दोघांनाही घेऊन सोमवारी अकरा वाजता सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात या. विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळेल का तेही तिथेच विचारू. अर्ज दाखल होईपर्यंत काका जबाब देणार आहेत हे बैठकीत कोणालाही सांगू नका.