जलाल अब्दोह यांचं काम

इराणचे माजी पंतप्रधान मोसादेक यांच्याबद्दल भरभरून लिहिलं गेलंय, पण त्यांच्या पुढच्या पिढीतले इराणी मुत्सद्दी जलाल अब्दोह सुटले. हा माणूस मूळचा कायद्याचा. इराणचा राजा रझा शाह याच्या पदत्यागानंतर त्याच्या पोलिसांवर खटले चालले, तेव्हा सरकारी वकील हेच. पुढे संयुक्त राष्ट्रांत गेले. ब्रिटिश कॅमेरूनमधलं (आफ्रिकेतला ब्रिटिशांच्या कारभाराखालचा प्रदेश) १९६१ चं सार्वमत त्यांच्याच देखरेखीखाली झालं: उत्तर भाग नायजेरियात गेला, दक्षिण भाग कॅमेरूनमध्ये. स्वतंत्र होण्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, हे मला आजही खटकतं. अर्थात पर्याय आमसभेने ठरवले होते, अब्दोहंनी नव्हे. १९६२ च्या नोव्हेंबरपासून पश्चिम न्यू गिनीचा (आधी डच ताब्यातला प्रदेश) कारभार संयुक्त राष्ट्रांच्या वतीने त्यांच्याकडे होता. १ मे १९६३ ला तो इंडोनेशियाकडे सोपवला गेला.