गुलामगिरीविरोधी अर्ज आणि अमेरिकी काँग्रेसचा ‘गॅग रूल’

कुतूहल१८: १८३० च्या दशकात अमेरिकेत गुलामगिरीविरोधी मंडळी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, ढिगाने अर्ज पाठवत होती. हे प्रत्यक्षात चालायचं कसं? गुलामगिरी दक्षिणेत सगळीकडे असताना इतके अर्ज एकट्या वॉशिंग्टनबद्दल का? आणि धर्मजागरणाच्या सभांशी याचा संबंध जोडतात, तो खरा की ओढूनताणून आणलेला?

शाईदौत: आधी वॉशिंग्टनचं. राज्याच्या हद्दीतल्या गुलामगिरीला हात लावायचा अधिकार काँग्रेसला नाही, हे तेव्हा बहुतेक गुलामगिरीविरोधकही मान्य करत. वॉशिंग्टन ज्यात आहे तो कोलंबिया जिल्हा मात्र थेट काँग्रेसच्या ताब्यात होता, त्यामुळे तिथे हात झटकायची सोयच नव्हती.

कामाची रीत अशी: छापील ताव, वर मजकूर, खाली सह्यांना जागा. बऱ्याच तावांवर उभी रेघ मारून दोन रकाने केलेले असत, एक मतदार पुरुषांचा आणि दुसरा स्त्रियांचा. घरोघर फिरण्याचं काम मोठ्या प्रमाणावर बायकांनीच केलं. ताव भरला की त्याच्या खालच्या कडेला दुसरा चिकटवायचा आणि लांबच लांब पट्टी झाली की गुंडाळी करून रवाना करायची. सुरुवातीचे मजकूर विनवण्यांनी भरलेले होते, १८३७ च्या सुमारास ते एका वाक्यावर आले. शिवाय प्रत्येक मागणीला वेगळा अर्ज: कोलंबिया जिल्ह्याचा एक, टेक्सास अमेरिकेत सामील करू नका म्हणणारा दुसरा, राज्याराज्यांतला गुलामांचा व्यापार बंद करा म्हणणारा तिसरा. एका उंबऱ्यावर तीन सह्या मिळाल्या की सभागृहात विषय तीनदा निघणार.

तळघर: या अर्जांच्या माऱ्यावर सभागृहाने काढलेला उपाय म्हणजे गॅग रूल, तोंडबंदीचा नियम. २६ मे १८३६ रोजी प्रतिनिधीगृहाने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) ११७ विरुद्ध ६८ मतांनी ठरवलं की असे अर्ज छापायचे नाहीत, समितीकडे पाठवायचे नाहीत, नुसते टेबलावर ठेवायचे. टेबलावर म्हणजे बासनातच. पण ठरावात एक फट होती. तो कायमचा नव्हता, अधिवेशन बदललं की पुन्हा मंजूर करावा लागे आणि तोवर अर्ज मांडता येत. माजी राष्ट्राध्यक्ष आणि तेव्हा याच सभागृहाचे सभासद असलेले जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी ती बरोबर हेरली.

६ फेब्रुवारी १८३७ चा प्रसंग बघा. ॲडम्सनी सभागृहाच्या अध्यक्षांना विचारलं, गुलामांनीच पाठवलेला अर्ज या नियमात बसतो का? दक्षिणेचे सभासद खवळले, ॲडम्सविरुद्ध निंदाव्यंजक ठराव आले. मग ॲडम्सनी सांगितलं की अर्जात गुलामगिरी राहू द्या अशी मागणी आहे! ठराव बारगळले, पण तोंडबंदीच्या नियमापायी सभागृह कित्येक दिवस गुलामगिरीवरच बोलत राहिलं.

१८४० मध्ये नियम कायम आणि आणखी कडक झाला, अर्ज स्वीकारायचेच नाहीत. पण या वेळी मतं पडली ११४ विरुद्ध १०८. म्हणजे ४९ चं मताधिक्य चार वर्षांत ६ वर आलं. गुलामगिरीशी देणंघेणं नसलेल्या उत्तरेतल्या माणसालाही आपला अर्जाचा हक्क गेल्याचं झोंबलं होतं. ३ डिसेंबर १८४४ रोजी १०८ विरुद्ध ८० मतांनी नियम रद्द झाला.

ओवरी: धर्माचा संबंध खरा आहे, पण सरळ रेषेतला नाही. धर्मजागरणाचे प्रचारक चार्ल्स फिनी यांच्या रोचेस्टरच्या सभा (१८३०-३१) घ्या. पुढची बाकं पश्चात्ताप झालेल्यांसाठी राखलेली, तिथे येऊन बसणाऱ्यासाठी सगळ्यांदेखत प्रार्थना व्हायची. फिनींच्या सभांत स्त्रियाही पुरुषांसमोर प्रार्थना करत, आणि यावर जुने पाद्री फार नाराज होते. पाप आजच्या आज सोडता येतं, ही शिकवण. गुलामगिरी हे पाप मानलं की ‘हळूहळू मुक्ती’ टिकतच नाही. फिनींचे अनुयायी थिओडोर वेल्ड यांनी १८३४ मध्ये लेन सेमिनरी या पाद्री घडवणाऱ्या संस्थेत १८ रात्री चर्चा घडवली ती यावरच.

पण खुद्द फिनींना जागरण आधी आणि गुलामगिरीचा प्रश्न त्याच्या मागोमाग हवा होता. शिवाय जागरण दक्षिणेतही झालं आणि तिथे बायबलमधूनच गुलामगिरीचं समर्थन निघालं. १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बॅप्टिस्ट हे ख्रिस्ती पंथ याच प्रश्नावरून फुटले.

कुतूहल१८: मत नसलेल्या बायकांच्या सहीला सभागृहात किंमत होती का?

शाईदौत: तोच वाद पेटला. मत नव्हतं म्हणूनच अर्ज हे त्यांच्या हातातलं मुख्य राजकीय साधन होतं. मेरीलँडचे सभासद हॉवर्ड यांनी स्त्रियांनी असे अर्ज करणं अशोभनीय ठरवलं, तेव्हा १८३८ च्या उन्हाळ्यात ॲडम्सनी दिवसामागून दिवस भाषण करून स्त्रियांचा हक्क मांडला. त्याआधी २१ फेब्रुवारीला गुलामगिरीविरोधी वक्त्या अँजेलिना ग्रिम्के मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळ समितीपुढे स्वतः बोलल्या होत्या, हजारो स्त्रियांच्या सह्यांचे अर्ज घेऊन.