फोनवरून थेरपी घेतलीय का कुणी? वाळपईहून विचारतेय

अबोली_वाळपई
बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी गोळ्यांसोबत दर आठवड्याला थेरपी घ्यायला सांगितलंय. थेरपिस्ट पणजीला बसतात. शाळेची नोकरी सांभाळून दर आठवड्याला तिथवर जाणं मला झेपत नाही, म्हणून त्यांनीच सुचवलं की एकआड एक सत्र फोनवर घेऊ. पण चेहरा न दिसता मनातलं बोलता येतं का? शिवाय घरात सासू-सासरे, दीर, जाऊ. दार लावून बोलले तर कुणाशी बोलत होतीस, हे विचारणारच. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

म्हादई
ताई, जरूर घ्या. मी नुसत्या आवाजावरच घेते, व्हिडिओ नाही. समोर कुणी बघत नाही म्हणून रडायचा संकोच वाटला नाही, उलट लवकर मोकळी झाले. सुरुवातीला मध्येच शांतता झाली की फोन कटला असं वाटायचं. मी ते बोलून दाखवलं, तेव्हापासून मॅडम 'ऐकतेय, सावकाश बोल' असं म्हणतात. तुम्हीही सांगून ठेवा.

फोंडेकर_सुलभा
अबोली, २०१२ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात शिकागोच्या ३२५ नैराश्यग्रस्त रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. काहींना सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) फोनवर दिली, काहींना समोरासमोर. उपचार संपताना दोन्ही गट सारखेच सुधारलेले. मध्येच सोडून देणारे फोनवर साधारण २१ टक्के, समोरासमोर ३३. मात्र सहा महिन्यांनंतर समोरासमोर उपचार घेतलेल्यांची प्रकृती जास्त चांगली होती. म्हणून मला तुझ्या थेरपिस्टचं एकआड एक फार पटलं. पणजीची फेरी पूर्ण बंद करू नकोस.

आता घराचं. खोली शोधत बसू नकोस, वेळ शोध. शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग मिळत असेल तर घरापेक्षा तो बरा. कुणी अचानक आलं तर म्हणायचं एक साधं वाक्य थेरपिस्टशी ठरवून ठेव, 'पेपर उद्या देते' असलं काहीतरी. ते ऐकलं की त्या विषय थांबवतील. फोन तुटला तर परत कुणी लावायचा, हेही पहिल्याच दिवशी ठरव. आपल्या सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की वीज आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही. त्या लिहून काही पाठवणार असतील तर घरातल्या कुणाच्या हाती पडणार नाही अशा फोनवरच घे. आणि सत्र संपल्या संपल्या स्वयंपाकघरात शिरू नकोस गो, थोडा वेळ एकटी बस.

डिचोलीचा_दत्ता
थेरपिस्ट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, हे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. त्या तुमचा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर मागतील, तो द्या. फोनवर असताना तुमची तब्येत बिघडली तर मदत कुठे पाठवायची, हे त्यांना कळायला हवं. जीव नकोसा वाटायला लागला तर पुढच्या सत्राची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, नाहीतर सरळ बांबोळी गाठा. पण टेली-मानस म्हणजे दर आठवड्याची थेरपी नव्हे, तिथे दर वेळी तेच माणूस भेटेल असं नाही.

अबोली_वाळपई
सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. वर्गाचं मला सुचलंच नव्हतं. पण चतुर्थीच्या सुट्टीत शाळा बंद आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, जाऊन बोलले तर?

म्हादई
उघडीप असेल तर कुळागर उत्तम, पण तिथे रेंज येते का ते आधी बघून ठेवा. चतुर्थीच्या आठवड्यातलं सत्र मात्र आत्ताच पणजीचं करून घ्या. खरेदीला जाते म्हटलं की कुणी विचारणार नाही.