सहा वर्षांनी पुन्हा घुंगरू बांधताना

प्रश्न : आठव्या वर्षापासून मी कथक शिकत आले, मुलगी झाल्यावर मात्र सहा वर्षे घुंगरांची पेटी माळ्यावरून खाली आली नाही. परवा ती उघडली, तेव्हा दोरी पिवळी पडली होती आणि मुलगी शेजारी बसून एकेक घुंगरू मोजत होती. घर सांभाळून आपण रियाज कसा जमवलात?

प्रतिसाद १ : मी सासूबाईंना तीनतालाच्या १६ मात्रा शिकवल्या, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. कणीक मळून झाली की त्या हाताने ताल धरून बसत आणि मी वीस मिनिटे तत्कार, म्हणजे पायांनी तालाचे बोल वाजवण्याचा रियाज, करी. पुढे रियाजाची वेळ झाल्याची आठवण त्याच करून देऊ लागल्या.

प्रतिसाद २ : आरंभीच शंभर घुंगरू बांधू नका, कारण गुडघे आणि घोटे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत, काही आठवडे विलंबित, म्हणजे संथ, लयीतच तत्कार करा. कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही नृत्यसंस्था सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतील मुलींनी नाचणे अनेकांना रुचत नव्हते. त्या मानाने आपला संकोच लहान आहे.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. आज समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मुलीने टाळी दिली.