नेटिव्ह फंक्शनमधून ऑब्जेक्ट परत द्यायचा: नक्कल की गुंडाळलेला पॉइंटर?

धागाकर्ता: क्विकजेएस (छोटं जावास्क्रिप्ट इंजिन) आपल्या सी प्रोग्रॅममध्ये एम्बेड केलं की नेटिव्ह, म्हणजे सीमध्ये लिहिलेल्या, फंक्शनमधून स्क्रिप्टला ऑब्जेक्ट द्यायला लोक ऊठसूट क्लास नोंदवून त्यात सी पॉइंटर अडकवतात. माझ्या मते बहुतेक वेळा ही उठाठेव फुकट असते. जेएस_न्यूऑब्जेक्ट करा, जेएस_सेटप्रॉपर्टीस्ट्रने फील्ड भरा, परत द्या. कोण कधी मरतं हा प्रश्नच उरत नाही. पथ्य एकच: सेटप्रॉपर्टी व्हॅल्यूची मालकी स्वतःकडे घेतं. वर तुम्हीही जेएस_फ्रीव्हॅल्यू केलंत तर रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती ठिकाणी धरलाय तो आकडा) एकने जास्त घटतो आणि क्रॅश भलतीकडेच दिसतो.

खोडरबर: फाइल किंवा सॉकेटची नक्कल कशी करणार? पॉइंटर आकडा म्हणून दिलात तर स्क्रिप्ट हवा तो आकडा परत पाठवेल. तिथे क्लासच हवा. क्लास नोंदवणारं जेएस_न्यूक्लास रनटाइममागे (इंजिनच्या एका प्रतीमागे) एकदा, पण मेथडचा प्रोटोटाइप जोडणारं जेएस_सेटक्लासप्रोटो प्रत्येक कॉन्टेक्स्टमध्ये (रनटाइममधल्या प्रत्येक स्वतंत्र ग्लोबल वातावरणात). हे दुसरं हमखास राहतं. मग ऑब्जेक्ट तयार होतो, पण मेथड सापडत नाहीत. मेथडच्या सुरुवातीला जेएस_गेटओपेक२ने ऑब्जेक्टमागचा सी पॉइंटर (ओपेक) घ्या. चुकीचा ऑब्जेक्ट आला तर ते टाइपएरर फेकून नल देतं. आपण लगेच जेएस_एक्सेप्शन परत करायचं.

धागाकर्ता: सॉकेटचं मान्य. पण लोक यादीतला एकेक घटकही असाच गुंडाळून देतात. यादी मोकळी झाली की घटकाचा पॉइंटर लोंबकळत राहतो.

खोडरबर: म्हणून घटकाच्या स्ट्रक्टमध्ये यादीचा जेएस_डुपव्हॅल्यू (काउंट एकने वाढवून घेतलेला संदर्भ) ठेवा आणि फायनलायझरमध्ये (ऑब्जेक्ट मरताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) जेएस_फ्रीव्हॅल्यूआरटीने तो सोडा. आत कोणते ऑब्जेक्ट धरलेत ते गार्बेज कलेक्टरला (जीसी) सांगणारं जीसी_मार्कही लिहा, नाहीतर ऑब्जेक्ट एकमेकांना धरून चक्र झाल्यावर कलेक्टरला ते ओळखता येत नाही आणि शेवटी जेएस_फ्रीरनटाइम असर्टवर आपटतं. शिवाय नक्कल शिळी होते: स्क्रिप्टने रुंदी बदलली तरी मूळ स्ट्रक्टला पत्ता नसतो.

धागाकर्ता: एका घटकासाठी एवढं? त्यापेक्षा नक्कल द्या आणि बदलायला वेगळं फंक्शन ठेवा.

तिसरा कोपरा: दोघेही फायनलायझरला फार मानता. क्विकजेएसमध्ये काउंट शून्य होताच तो चालतो, पण ऑब्जेक्ट चक्रात अडकला की जीसीची वाट पाहावी लागते. व्ही८मध्ये (क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनात) तर प्रोसेस संपताना वीक कॉलबॅक (तिथलं फायनलायझरसारखं फंक्शन) चालेलच याची हमी नाही. म्हणून फाइल, सॉकेटला उघड क्लोज मेथड द्याच. त्यात हँडल बंद करून ओपेक नल करा. पुढची प्रत्येक मेथड गेटओपेक२मध्येच अडेल. फायनलायझरमध्ये मात्र नल तपासून मगच मोकळं करा.