नवख्याने क्रिप्टो ट्रेडिंगमध्ये एका सौद्यात किती रक्कम लावावी?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर): मी मिहानमधील एका कंपनीत नोकरी करतो. बचतीतील ४०,००० रुपये मी दोन लहान नाण्यांत गुंतवले आणि तीन आठवड्यांत त्यांचे ३०,००० झाले. तोटा भरून काढण्यासाठी एका मित्राने दहापट लिव्हरेजवर, म्हणजे हातातील रकमेच्या दहापट मोठ्या सौद्याने, फ्युचर्स (पुढील भावावरचे करार) करण्याचा सल्ला दिला आहे. उरलेली रक्कम सांभाळून शिकायचे असेल, तर प्रत्येक सौद्याचा आकार कसा ठरवावा?

उत्तर १ (इतवारी): आमचा धान्याचा व्यापार आहे, आणि भाव पडला तर किती रुपये जातील हे पाहिल्याशिवाय आम्ही माल उचलत नाही. तोच हिशेब येथे लावा. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्याहून अधिक गमवायचे नाही असे ठरवले, तर तुमची मर्यादा ३०० रुपये होते. स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी आपोआप विक्री होण्याचा भाव, खरेदीच्या भावापेक्षा ६ टक्के खाली असेल, तर सौदा ५,००० रुपयांचाच करता येतो; स्टॉप-लॉस १२ टक्के खाली ठेवायचा असेल, तर २,५०० रुपयांचा. आधी स्टॉप-लॉसची जागा ठरवावी आणि मग रक्कम. बहुतेक नवखे नेमके उलट करतात. मात्र हा बाजार रात्रंदिवस चालतो, आणि वेगाने घसरण झाली की स्टॉप-लॉस ठरवलेल्या भावाला लागेलच असे नाही, म्हणून प्रत्यक्ष तोटा ३०० रुपयांपेक्षा थोडा अधिक होऊ शकतो हे गृहीत धरा.

लिव्हरेजला मी स्पष्ट नकार देईन. दहापट लिव्हरेजवर भाव सुमारे १० टक्के विरुद्ध गेला की मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी तुम्ही ठेवलेली रक्कम, संपते, आणि १२ मार्च २०२० रोजी बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक घसरले होते. तुमचे २५ टक्के भांडवल गेले आहे. ते परत आणण्यासाठी उरलेल्या रकमेवर सुमारे ३३ टक्के नफा लागेल, आणि त्याची घाई हीच आता सर्वांत मोठी जोखीम आहे.

उत्तर २ (धंतोली, करसल्लागार): वरील हिशेबात कर धरलेला नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढील वर्षी ओढताही येत नाही. एका नाण्यात १०,००० मिळाले आणि दुसऱ्यात तितकेच गेले, तर हाती काहीच उरत नाही, तरी ३,१२० रुपये कर भरावा लागतो. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्रात जमा धरला जातो हे खरे, परंतु रोज उलाढाल करून विक्रीची बेरीज १० लाखांवर गेली, तर तुमच्या ३०,००० पैकी १०,००० तोपर्यंत अडकून पडतील.

प्रश्नकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. लिव्हरेजचा विचार सोडला आहे. पैसे एक्स्चेंजवरच, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री होते त्या मंचावरच, ठेवावेत का?

उत्तर ३ (महाल): सौद्यांपुरतेच ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठे परदेशी एक्स्चेंज दिवाळखोरीत गेले, तेव्हा स्टॉप-लॉस नीट लावणाऱ्यांचेही पैसे अडकले. एक्स्चेंजची नोंदणी केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे आहे का, हे अवश्य तपासा. परंतु ही नोंदणी काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखालची आहे, तुमच्या ठेवीची हमी नव्हे. दीर्घकाळ ठेवायची नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये (ज्याची चावी फक्त तुमच्याकडे असते) हलवा आणि त्याचे परवलीचे शब्द कागदावर लिहून घरीच ठेवा, मोबाइलमध्ये त्यांचा फोटो काढू नका.